संकासुराचे वारस : मराठी करमणुकीतील भय आणि हसू

मराठीतील 'झपाटणे' आणि 'पछाडणे' ही दोन्ही क्रियापदे भुताखेतांच्या व्यवहारातून आलेली असली, तरी रोजच्या बोलण्यात ती माणसाच्या ध्यासालाही लावली जातात. मुंजाने वा हडळीने धरलेला माणूस जसा झपाटलेला, तसाच नाटकाच्या, क्रिकेटच्या किंवा गाण्याच्या नादात तहानभूक विसरलेला माणूसही झपाटलेलाच. एकच शब्द अंगावर काटाही आणतो आणि कौतुकमिश्रित हसूही, आणि मराठीभाषकाला यात काहीच विसंगत वाटत नाही. महेश कोठारे यांनी १९९३ साली आपल्या चित्रपटाला 'झपाटलेला' आणि २००४ साली दुसऱ्या एका चित्रपटाला 'पछाडलेला' हे नाव दिले, तेव्हा भाषेतला हा दुहेरी अर्थ आपसूक त्यांच्या हाती आला. पुढे २०१३ साली 'झपाटलेला २' आला आणि त्याच्याबरोबर एक अवघड प्रश्नही आला. ज्या खलपात्राला प्रेक्षक एकदा भ्यालेला आहे आणि ज्याच्या निमित्ताने एकदा पोट धरून हसलेलाही आहे, ते पात्र पुन्हा समोर आले की भय आणि हसू यांचा तोल कसा राखायचा? हा प्रश्न चित्रपटाच्या जन्माआधीपासूनचा आहे, आणि महाराष्ट्राच्या रंगपरंपरेने त्याला दिलेली उत्तरे अतिशय मोलाची आहेत.

चित्रपटाच्या परिभाषेत ज्याला स्लॅशर म्हणतात, तो भयपटाचा एक ठरावीक प्रकार आहे. त्यात एक खुनी, बहुधा सुरा किंवा तत्सम धारदार हत्यार घेऊन, एका मर्यादित गटातील माणसांना एकेक करून गाठतो आणि शेवटी उरलेली व्यक्ती त्याचा सामना करते. अमेरिकेत १९७८ सालच्या 'हॅलोविन'नंतर या प्रकाराची लाट आली, आणि प्रत्येक यशस्वी चित्रपटाला उत्तरभाग जोडण्याची रीतही तिच्याबरोबरच रुळली. उत्तरभागांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट वारंवार दिसते, ती म्हणजे भाग वाढत गेले की विनोद वाढतो. टोब हूपर यांचा 'द टेक्सस चेनसॉ मॅसकर' १९७४ मध्ये प्रेक्षकांना हादरवून गेला होता, पण त्याच दिग्दर्शकाने १९८६ मध्ये केलेला दुसरा भाग उघडउघड विनोदाकडे झुकला. 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ सालच्या चित्रपटात एका खुन्याचा आत्मा चकी नावाच्या बाहुल्यात शिरतो. दहा वर्षांनी, 'ब्राइड ऑफ चकी'पर्यंत येता येता, तो बाहुला लग्नाच्या गोष्टीतला नवरदेव झाला होता. याचे कारण सरळ आहे. भयाचे निम्मे बळ अनोळखीपणात असते, आणि दुसऱ्या भागातला खुनी कितीही क्रूर झाला तरी अनोळखी होऊ शकत नाही.

या कोड्याचे शास्त्र भारतीय काव्यविचारात फार जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य आणि भयानक हे दोन्ही रस सांगितले आहेत; शृंगारापासून हास्य आणि बीभत्सापासून भयानक उद्भवतो, अशी त्यांची कुळी दिली आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हास्याचे भयानकाशी आणि करुणाशी वैर असल्याचे नोंदवले. परंतु त्याच्याही आधी, नवव्या शतकात, 'ध्वन्यालोक'कार आनंदवर्धनाने विरोधी रस एकत्र नांदवण्याच्या युक्त्या सांगून ठेवल्या होत्या. ज्याच्या मनात भाव जागा होतो त्याला 'आश्रय' म्हणतात आणि ज्याच्यामुळे तो जागा होतो त्याला 'आलंबन'. दोन वैरी रसांचे आश्रय वेगळे ठेवले, किंवा त्यांच्यामध्ये तिसऱ्या एखाद्या रसाला जागा दिली, तर त्यांचा कलह मिटतो, असे आनंदवर्धनाचे म्हणणे आहे. वीर आणि भयानक एकाच नायकाच्या ठायी मांडले तर नायक भित्रा ठरतो. पण भय शत्रूच्या मनात मांडले तर त्याच भयाने नायकाची वीरश्री उजळते. हजारेक वर्षांपूर्वीचा हा विचार विनोदी भयपटाच्या कोणत्याही आधुनिक चर्चेपेक्षा अधिक नेमका आहे, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक उदाहरणात तो कामी येतो.

यातले पहिले उदाहरण दक्षिण कोकणातल्या दशावताराचे. कार्तिकात तुळशीची लग्ने लागल्यावर सिंधुदुर्गात आणि गोव्यात गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात, आणि त्या जत्रांत रात्रभर दशावतारी नाटक चालते. नाटकाचे मुख्य कथानक म्हणजे 'आख्यान', आणि त्याच्या आधी खेळला जाणारा पूर्वरंग म्हणजे 'आडदशावतार'. या पूर्वरंगात गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, सरस्वती आणि ब्रह्मदेव येतात, आणि मग येतो संकासुर. हा पुराणातला शंखासुर, म्हणजे वेद चोरून नेणारा आणि मत्स्यावतारात विष्णूच्या हातून मारला जाणारा दैत्य. त्याचा वेश काळा, तोंडावर काळा मुखवटा, आणि चाल अशी की पुढच्या रांगेतली मुले आयांच्या पदरात तोंड लपवतात. पण हा दैत्य तोंड उघडतो ते ठसठशीत मालवणीत. देव पोथीतल्यासारखे शुद्ध बोलतात आणि संकासुर मात्र गावातल्या माणसासारखा बोलतो. गावच्या पंचायतीवर, मासळीच्या भावावर, समोर बसलेल्या एखाद्या मानकऱ्यावर तो तिथल्या तिथे टोमणे मारतो, आणि मोठी माणसे खदखदून हसतात.

एकाच मंडपात, एकाच क्षणी, एकाच पात्राकडे पाहून मुले भितात आणि वडीलधारे हसतात; भय आणि हास्य यांचे आश्रय वेगळे ठेवण्याची याहून सुंदर तजवीज क्वचितच सापडेल. इथे विरोधी रस पात्रांमध्ये वाटलेले नसून प्रेक्षकांच्या वयांमध्ये वाटलेले आहेत. शिवाय संकासुराचे भय पोकळ नसते. तो कितीही हसवत असला तरी त्याने वेद पळवलेले आहेत, आणि विष्णूशी त्याचे युद्ध होऊन तो मरणारच असतो. हे मरण चेष्टेवारी नेले जात नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिमग्याच्या नमन-खेळांतही संकासुर आहे, काळा झगा घालून आणि कमरेला घुंगरू बांधून घरोघर नाचणारा, आणि तिथेही त्याला पाहून पोरे पळतात आणि पळता पळता हसतात.

दशावताराने उत्तरभागाचा प्रश्न कसा सोडवला, हेही पाहण्याजोगे आहे. संकासुर दरवर्षी येतो, तोच वेश, तीच चाल, तेच मरण. तरीही तो जुना होत नाही, कारण दर जत्रेला मंडपात पहिल्यांदाच येणारी काही मुले असतात, आणि गेल्या वर्षी भ्यालेले मूल यंदा धाकट्या भावंडाला भिताना पाहून हसायला शिकलेले असते. भय पुढच्या पिढीकडे सरकते आणि हसू मागच्या पिढीकडे साचत जाते.

कोकणातल्या या परंपरेची छाया मराठी नाटकाच्या आरंभावरही पडलेली दिसते. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' सादर केले, आणि तो दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. भाव्यांपुढे कर्नाटकातून सांगलीत आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचा नमुना होता. कोकणच्या दशावताराशीही या खेळांचे नाते जवळचे. भाव्यांच्या खेळात सूत्रधार पदे म्हणे, विदूषक त्याच्याशी थट्टा करी, आणि मग 'राक्षसपार्टी' रंगणात उतरे. राक्षसाचे काम करणारे नट चेहरे भडक रंगवून, 'अलल्डुर्र' अशी आरोळी ठोकीत आणि धिंगाणा घालीत येत. पुढच्या काळात संगीत नाटकाची सुसंस्कृत अभिरुची रूढ झाल्यावर या खेळांना 'अलल्डुर्र नाटके' असे हिणवले गेले. हे हिणवणे अन्यायाचे होते. ज्या प्रेक्षकाला अद्याप नाटक म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते, त्याला विदूषकाने सैल करायचे आणि लगोलग राक्षसाने दचकवायचे, ही त्या खेळांची विचारपूर्वक बांधलेली गत होती. आनंदवर्धनाच्या भाषेत सांगायचे तर सूत्रधाराची पदे दोन वैरी रसांच्या मधे उभी राहत आणि दोघांनाही आपापली जागा देत.

नवी मुंबईत भाव्यांचे नाव रोजच्या ओठांवर आहे. सीबीडी बेलापूर हा शहराचा व्यापारी आणि प्रशासकीय विभाग, सिडकोने १९७० नंतर आखलेल्या नगराचा एक मध्यबिंदू. पण तिथल्या रहिवाशाला मराठी नाटक पाहायचे तर हार्बर मार्गाने वाशीला जावे लागते, आणि वाशीच्या ज्या नाट्यगृहात तो जातो त्याचे नाव विष्णुदास भावे नाट्यगृह असे आहे. बेलापूर, दिवाळे, शहाबाज या जुन्या गावांतल्या आगरी-कोळी घरांबरोबरच कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे या शहरात वसली. त्यांतल्या कित्येकांनी संकासुर गावी पाहिला आणि 'झपाटलेला'तला खुनी बाहुला तात्या विंचू शहरात.

भाव्यांचा दुसरा नाद फारसा सांगितला जात नाही, तो म्हणजे बाहुल्यांचा. त्यांनी लाकडाच्या बाहुल्या घडवल्या होत्या. त्या पुढे अनेक वर्षे मोडकळीला येऊन पडून राहिल्या, आणि रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून त्यांच्याकडून पुन्हा 'सीता स्वयंवर' करून घेतले. पाध्ये यांचे वडील य. के. पाध्ये हे भारतातल्या शब्दभ्रमकलेचे आद्य कलावंत. शब्दभ्रम म्हणजे ओठ न हलवता बोलून तो आवाज बाहुलीच्या तोंडून येत असल्याचा भास निर्माण करणे. त्यांचा 'अर्धवटराव' हा बाहुला आणि त्याची बायको 'आवडाबाई' यांना महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी पाहिले आहे. रामदास पाध्ये यांनी १९६७ पासून वडिलांची ही कला पुढे चालवली. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला हसरा ससाही त्यांच्याच हातचा.

बोलकी बाहुली जवळून पाहिली तर ती हसवणारी आहे की भिववणारी, हे ठरवणे कठीण जाते. तिच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत खाली उतरणाऱ्या दोन फटी असतात, कारण जबडा स्वतंत्र हलायला हवा. आत, पोकळ धडात, मुंडक्याला जोडलेला एक दांडा असतो आणि त्यावरच्या कळा दाबल्या की डोळे फिरतात, भुवया उंचावतात, तोंड उघडते. रंगमंचावर तिच्या शेजारी एक माणूस बसलेला असतो, म्हणून प्रेक्षक हसतो. तो माणूस उठून गेला आणि बाहुली बोलतच राहिली, तर हसू तिथल्या तिथे विझेल. शब्दभ्रमाच्या खेळात विनोद आणि भय यांच्यामध्ये अंतर असते ते फक्त एका माणसाचे.

'झपाटलेला' हे अंतर काढून टाकतो. चित्रपटाची मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले'वरून घेतलेली आहे, हे उघड आहे. तात्या विंचू हा कुख्यात गुन्हेगार बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. पोलिसाच्या गोळीने मरता मरता तो आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. आणि बाहुल्याच्या देहातून सुटायचे तर त्याला ज्याच्यापाशी आपली खरी ओळख पहिल्यांदा उघड केली त्याच्याच शरीरात शिरावे लागते. तो माणूस म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांनी उभा केलेला लक्ष्या. दिलीप प्रभावळकर हे तात्या विंचू, आणि बाहुला रामदास पाध्ये यांचा. अमेरिकन चित्रपटात बाहुला एका लहान मुलाच्या हाती पडतो आणि मुलाचे कोणी खरे मानत नाही. कोठारे यांनी मुलाच्या जागी बोलक्या बाहुल्यांचे वेड असलेला तरुण आणला, आणि ही एक अदलाबदल साऱ्या चित्रपटाचा प्राण ठरली. जो माणूस बाहुल्यातून आवाज काढण्यासाठीच ओळखला जातो, त्याने 'बाहुला आपणहून बोलला' असे छाती पिटून सांगितले तरी ऐकणारा त्याच्या कलेचे कौतुकच करणार. लक्ष्याच्या पाठीमागे खून पडत जातात आणि त्याची प्रत्येक खरी किंकाळी इतरांना नकलेसारखी वाटते. विनोद आणि भय इथे एकाच घटनेतून निघतात आणि तरीही एकमेकांत मिसळून पातळ होत नाहीत.

त्या काळच्या हिंदी भयपटांशी तुलना केली तर कोठारे यांच्या या जुळणीचे वेगळेपण कळते. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर' या १९८४ सालच्या चित्रपटात जगदीप यांचे विनोदी उपकथानक भुताच्या कथेला समांतर धावते. भीती वाटून झाली की हसू, हसून झाले की भीती, असा पाळीचा कारभार तिथे आहे. मराठीतही भुतांच्या विनोदी गोष्टी आधी होऊन गेल्या होत्या. १९८२ सालच्या 'एक डाव भुताचा' आणि १९८९ सालच्या 'भुताचा भाऊ' या चित्रपटांत भूत मित्रासारखे, मदतीला धावणारे होते, त्यामुळे त्यांत भयाचा भाग नावापुरताच उरला. 'झपाटलेला' या दोन्ही वाटा सोडतो. त्यात भयाचे आलंबन तात्या विंचू आहे आणि हास्याचे आलंबन लक्ष्या आहे. भयाचा आश्रयही लक्ष्याच, आणि त्याला भिताना पाहून हसणारा आश्रय प्रेक्षक. बेर्डे यांची थोरवी याच जागी आहे. आपण विनोदी चित्रपटात आहोत हे त्यांच्या लक्ष्याला एका क्षणीही ठाऊक नसते. त्यांचे थरथरणे, त्यांचे दातओठ आवळणे, आईला मारलेल्या हाका पूर्ण मनापासून आलेल्या असतात, आणि म्हणून हसता हसता प्रेक्षकाच्या घशाशी काहीतरी अडकते. प्रभावळकर यांच्या आवाजातला तात्याही स्वतःला विनोदी समजत नाही. फूट-दोन फुटांच्या देहात कोंडला गेल्याचा त्याचा संताप खरा असतो. देह एवढासा आणि राग एवढा मोठा, यातून हसू येते, पण हातातला सुरा लहान नाही हे कोणी विसरत नाही.

'झपाटलेला २' हा चित्रपट ७ जून २०१३ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा वीस वर्षे लोटली होती आणि लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजीच जगाचा निरोप घेऊन गेले होते. कथेत लक्ष्याचा मुलगा आदित्य पुढे आला, तोही बोलक्या बाहुल्यांचा कलावंत. ही भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली, आणि सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, मकरंद अनासपुरे यांची साथ मिळाली. मधू कांबीकर, ज्या पहिल्या चित्रपटात लक्ष्याची आई होत्या, त्या इथे आजी झाल्या. चित्रपट त्रिमितीत, म्हणजे विशेष चष्मा लावून पाहिल्यास पडद्यावरची वस्तू अंगावर येत असल्याचा भास देणाऱ्या तंत्रात, बनवला होता, आणि मराठीत हे धाडस नवे होते. या वीस वर्षांत पाहण्याची जागाही बदलली होती. पहिला चित्रपट एकपडदा थिएटरांत आणि नंतर दूरचित्रवाणीवर घराघरांत पाहिला गेला. दुसरा नवी मुंबईसारख्या शहरांतल्या मॉलमधल्या पडद्यांवर, बहुधा स्वतःच्या मुलांना घेऊन आलेल्या अशा आईवडिलांनी, जे पहिल्या वेळी स्वतः मुले होते.

संकासुराच्या जत्रेतली प्रेक्षकांची मांडणी इथे अगदी आयती जुळून आली होती, मागे हसणारे वडील आणि पुढे भिणारी मुले. आणि तरीही दुसऱ्या भागाचा तोल पहिल्यासारखा राहिला नाही, हे प्रेमाने पाहणाऱ्यालाही मान्य करावे लागते. मधल्या वर्षांत तात्या विंचू लाडका झाला होता. त्याचा मंत्र शाळकरी पोरे मधल्या सुट्टीत एकमेकांवर टाकत होती. पडद्यावर त्याची पहिली झलक दिसली की लोक ओळखीच्या पाहुण्यासारखे त्याचे स्वागत करणार, हे ठरूनच गेलेले होते. म्हणजे जो भयाचे आलंबन होता तोच हास्याचे आणि जिव्हाळ्याचे आलंबन झाला, आणि भयाला टेकायला जागा उरली नाही. त्रिमितीने दचका दिला. पण दचका हा भयाचा आरंभ असतो, आणि तो धरून ठेवायला कोणीतरी मनापासून भिणारा लागतो. तो माणूस, लक्ष्या, नव्हता. तरुण, देखणा, नाचगाण्यातला नायक खलपात्राशी लढू शकतो, परंतु त्याच्या भीतीने प्रेक्षकाचे हातपाय गार पडत नाहीत.

खलपात्र ओळखीचे झाले म्हणून उत्तरभाग पडतो, असे सहसा म्हटले जाते. संकासुराचा अनुभव या म्हणण्याला दुजोरा देत नाही, कारण त्याच्याइतके ओळखीचे खलपात्र दुसरे नाही. तिथे ओळख बाधत नाही ती दोन कारणांनी : दर वर्षी कोणीतरी नवा भिणारा मंडपात बसलेला असतो, आणि शेवटचे मरण कधीच थट्टेवारी जात नाही. पहिल्या 'झपाटलेला'त तात्याच्या दोन भुवयांच्या मधोमध गोळी बसल्याशिवाय त्याचा अंत नाही, हा नियम असाच कडक होता. जत्रेतल्या विष्णूच्या चक्राचे काम तिथे त्या गोळीने केले.

पुढे या वाटेने इतरही गेले. आदित्य सरपोतदार यांनी २०२२ मध्ये 'झोंबिवली'त डोंबिवलीच्या गृहसंकुलात चालत्या प्रेतांना आणले, आणि २०२४ मध्ये 'मुंज्या' या हिंदी चित्रपटात कोकणातल्या पिंपळावरच्या भुताला देशभरच्या प्रेक्षकांसमोर उभे केले. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी मेलेल्या मुलाचे भूत. त्याच्या हट्टात लहान मुलाचा हट्ट आहे, म्हणून हसू येते, आणि तो हट्ट मेलेल्याचा आहे, म्हणून भय वाटते.

सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये, म्हणजे सिडकोने हस्तकलांच्या विक्रीसाठी उभारलेल्या बाजारात, कारागिरांच्या दुकानांबरोबर लोककलांचे कार्यक्रमही होतात, आणि नवी मुंबईतल्या मैदानांवर मालवणी महोत्सव भरतात. तिथे येणारा दशावतार रात्रभराचा नसतो. शहरातल्या वेळेत बसावा म्हणून तो दोन-तीन तासांत आवरला जातो, आणि पहिली कात्री लागते ती आडदशावताराला. आख्यान राहते, युद्धे राहतात, पेटी आणि पखवाज राहतात. संकासुर मात्र बहुधा येतच नाही, आणि पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसलेली मुले थेट राजांच्या आणि देवांच्या लढाया पाहत राहतात.